नखावरची आडवी रेघ

सिस्टर आधी खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतात आणि मग खिडकी सताड उघडतात. बाहेरच्या कुणाची नजर आत यायला नको, पण उजेड यायला हवा. डोक्यावरची ट्यूबलाइटही त्या बंद करतात. "इसमें पीला भी सफेद दिखता," त्या मला सांगतात, "दिन का उजाला होना." आषाढातली सकाळ आहे, साडेनऊ वाजलेत. पाऊस नुकताच थांबलाय आणि मुसीकाठच्या या जुन्या वस्तीवर ढगांतून गाळून आलेला पांढरा, सावली न पाडणारा उजेड पसरलाय. सिस्टरांना तोच हवा आहे.

खाटेवर माझी आत्या आहे. वय शहात्तर, गाव देगलूर. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीत पाय घसरून पडली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. पहिले पंधरा दिवस गावातच गेले. हाड बसवणारा येऊन गेला, लेप झाले, पाला बांधून झाला. मग नांदेडला फोटो काढला आणि मोडलेलं हाड सगळ्यांना दिसलं. देगलूरच्या माणसाला मोठा दवाखाना म्हटलं की मुंबई-पुणं आठवत नाही, हैदराबाद आठवतं. 1956 पर्यंत आम्ही एकाच राज्यात होतो. पुढे राज्यं वेगळी झाली, पण आजारपणाचा रस्ता बदलला नाही: देगलूर, मदनूर, पिटलम, संगारेड्डी, हैदराबाद. आत्या त्याच रस्त्यानं गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन आली. दवाखान्यात खाट मिळेपर्यंत सहा दिवस माझ्याकडे, काचीगुड्याला राहिली. खाट आज पहाटे मिळाली.

मोडलेल्या पायाला ट्रॅक्शन लावायचंय. त्याचा फोमचा बूट, दोरी, वजनं, सगळं खाटेच्या पायथ्याशी आणून ठेवलंय. वॉर्डबॉय दोनदा येऊन विचारून गेला. सिस्टर त्याला थांबवतात. बूट एकदा चढला की आतलं काही दिसायचं नाही. त्यामुळे त्या आधी कातडी बघणार, डोक्यापासून तळपायापर्यंत, आणि कागदावर उतरवणार. मगच बूट.

आत्या माझ्याकडे बघते. "काय करायलीय गं ही?"

"तपासायलेत, आत्या. अंगावर कुठं काही झालंय का ते."

"खुबा मोडलाय माझा. अंगाला काय झालंय?"

सिस्टर चाळिशीच्या आहेत, करीमनगरकडच्या. मराठी येत नाही. आत्याला तेलुगू थोडंफार कळतं, बोलता येत नाही. दोघींचं बोलणं दखनीत चालतं, आणि दखनीत एक शब्द असा आहे की तिथं दोघींना दुभाषी लागत नाही. "डरना नक्को, अम्मा," सिस्टर म्हणतात, आणि आत्याच्या कपाळावरची आठी थोडी सैल होते. नको तो नकोच, मुसीच्या काठी आणि देगलूरच्या लेंडी नदीच्या काठीही.

सिस्टर हाताला सॅनिटायझर चोळतात, वाळू देतात आणि दोन्ही तळवे क्षणभर काखेत धरून उबदार करून घेतात. त्यांच्या बोटांची टोकं भगवी आहेत. आषाढात तेलुगू घरांत बायका गोरिंटाकु लावतात. मेंदीच, पण बाजारातल्या कोनातली नक्षी नव्हे. पाला वाटून बोटांच्या टोकांवर टोप्या घालतात आणि तळव्यावर मधोमध एक चंद्र काढतात. आत्याची बोटंही तशीच रंगलीत. परवा माझ्या शेजारच्या तेलुगू मुलीनं हौसेनं लावून दिलं. पडल्यापडल्या आजीचं मन रमेल म्हणाली.

"अय्यो," सिस्टर हात हातात घेत हसतात. "मेरे काम का सत्यानाश."

मला समजत नाही. त्या करून दाखवतात. माझ्या अनामिकेचं नख दाबून धरतात, ते पांढरं होतं, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी. रक्त टोकापर्यंत नीट पोचतंय का, ते यावरून कळतं. आत्याच्या नखावर मेंदीचा दाट तांबडा रंग चढलाय. दाबलं काय, सोडलं काय, काहीच दिसत नाही. गडद मेंदीतून पल्स ऑक्सिमीटरच्या आकड्याचाही भरवसा नसतो. सिस्टर ती चिमटी आत्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लावतात. आकडा थरथरतो, मग 95 वर ठरतो. दाबून बघायचं तेही त्या पायाच्याच नखावर बघतात आणि ओठांत मोजतात, "ओकटी, रेंडु, मूडु." तीन. वयाच्या मानानं ठीक, पण कागदावर लिहितात.

मग त्या पुन्हा हाताच्या नखांकडे येतात, आणि मला वाटत होतं की मेंदीखाली आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या आत्याचा अंगठा खिडकीकडे वळवतात, सलाइनच्या बाटलीवर जमलेला पाण्याचा थेंब बोटावर घेतात आणि नखावर सोडतात. थेंब ओघळत नाही. नख मध्ये खोलगट झालंय, कडा वर आल्यात, उथळ चमच्यासारख्या. थेंब त्या चमच्यात बसून राहतो. शरीरातलं लोह खूप दिवस कमी पडत आलं की नखं अशी होतात. सिस्टर थेंब टिपून घेतात आणि आता स्वतःच्या बोटाचं टोक नखावरून मुळापासून पुढे हळू फिरवतात. मध्येच बोट अडखळतं.

"देखो."

मी वाकून बघते. नखावर आडवी खाच आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मेंदी त्या खाचेत जास्त उतरलीय, म्हणून तिथे काळपट रेघ दिसते. दुसऱ्या बोटावर तशीच, तिसऱ्यावरही. दहाही नखांवर, जवळजवळ एका अंतरावर. सहा दिवस मी हेच हात पुसले, हेच हात धरून तिला पाणी पाजलं.

नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हातारपणी त्याहून कमी. मोठा ताप आला, शरीराची सगळी ताकद दुसरीकडे वळली, की नखाची वाढ काही दिवस थांबते. ताप उतरल्यावर ती पुन्हा सुरू होते, पण थांबलेली जागा खाच होऊन राहते आणि नखाबरोबर पुढे सरकत जाते. सिस्टर मुळापासून रेघेपर्यंतचं अंतर नजरेनं मोजतात, मनाशी काही जुळवतात आणि आत्याला विचारतात, "उगादी के टाइम पे बुखार आया था क्या अम्मा?"

आत्या डोळे मोठे करते. "पाडव्याला," ती मला सांगते, सिस्टरांना नाही. "पाडव्याला आलता ताप. आठ-धा दिवस होता. गुढीबी उभारली न्हाई मी. हिला कोण सांगितलं?"

कुणीच नाही. केसपेपरवर त्या तापाचा उल्लेख नाही. खुबा मोडलेल्या बाईला पाडव्याच्या तापाबद्दल कुणी विचारत नाही. मुलानं, सुनेनं सांगितला नाही, मला तर ठाऊकच नव्हता. नखाला मात्र ठाऊक होता.

सिस्टर आता उशाशी येतात. आत्याचा अंबाडा तीन आठवड्यांत सुटलेला नाही. त्याची एक घट्ट गुठळी झालीय. त्या ती कापत नाहीत. खोबऱ्याचं तेल मागून घेतात, बोटांनी चोळतात आणि टोकाकडून मुळाकडे एकेक बट सोडवत येतात. फणीत केसांचा झुपका येतो, पुन्हा झुपका. आत्या शरमते. केस जेठापासून असेच जायलेत, म्हणते. सिस्टर मान डोलावतात: ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, नखावरची रेघ आणि फणीतला हा झुपका ही त्याच पाडव्याची निशाणी. मग त्या कानांमागे आणि मानेच्या खळग्यात भांग पाडून बघतात. केसांना चिकटलेले पांढरे कण नखानं उडवतात. उडतो तो कोंडा, उडत नाही ती लीख. काही उडत नाहीत. सिस्टर तोंडानं काहीच म्हणत नाहीत. कागदावर टिंब करतात आणि औषधाचं आयाला तेलुगूत हळू आवाजात सांगतात, शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही असं. शेवटी डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं डोकं दिवसरात्र उशीवर टेकलेलं असतं, तिथं दोन बोटं ठेवून दाबतात. अंगाचं ओझं कातडीला होतं हे मला माहीत होतं. डोक्याचंही होतं, हे आज बघते.

चेहरा. खालची पापणी हलकेच ओढून आतला पडदा बघतात. तो हवा तसा लाल नाही, फिका आहे, धुऊन धुऊन रंग गेलेल्या फडक्यासारखा. आपल्या सावळ्या रंगाच्या माणसाचं रक्त कमी झालं तर गालावर कळत नाही. ते इथं, हिरडीवर आणि तळव्याच्या रेघांत शोधावं लागतं. आत्याच्या गळ्याला आणि दंडाला पिवळट झाक आहे. मी घाबरून विचारते, कावीळ? सिस्टर डोळ्याच्या पांढऱ्या भागाकडे बोट दाखवतात. तो स्वच्छ आहे. अंगावरची पिवळाई हळदीची आहे, लेपाची. हळद कातडीला लागते, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्याला लागत नाही. काल लाल दरवाजाच्या देवीचं बोनालू झालं, आज शहरातल्या निम्म्या बायकांचे पाय हळदीनं पिवळे आहेत. या दिवसांत ज्यानं त्यानं डोळेच बघावेत, असं त्या म्हणतात.

कपाळावर भुवयांच्या मध्ये एक पांढरा ठिपका आहे, शर्टाच्या बटणाएवढा. मामांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्याआधी आत्या टिकली लावायची, पाकिटातली, चिकटणारी. त्या टिकलीमागच्या गोंदात ब्युटाइल फिनॉल जातीचं रसायन असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी लागलं तर काहीजणींच्या कातडीतला रंग तयार करणाऱ्या पेशी ते मारून टाकतं. टिकली होती तोवर ठिपका झाकलेला होता. कुंकू गेलं आणि तो उघडा पडला. सिस्टर त्यावर अंगठा फिरवतात, विचारतात, कळतं, आणि पुढे काही विचारत नाहीत. लिहितात फक्त जागा आणि माप.

डाव्या हातावर गोंदण आहे, तुळशीवृंदावन आणि खाली चार टिंबं. त्याच्यापाशी सिस्टर थांबतात. "पच्चबोट्टु," त्या म्हणतात. त्यांच्या आईच्या हातावर असंच आहे. आत्या पहिल्यांदा स्वतःहून हात पुढे करते. ओळखीची खूण निघाली की आमच्याकडच्या बायका कुणालाही घरचं मानतात.

आणि लगेच पुढच्या मिनिटाला ती तो हात आखडून घेते.

गोंदणाच्या वर, कोपराखाली, एक फिकट चट्टा आहे. पांढरा नाही, भोवतालच्या रंगाहून उणा. सिस्टरांनी कापसाची बारीक वात वळून घेतलीय. त्या आत्याला डोळे मिटायला सांगतात आणि वात टेकली की बोटानं जागा दाखवायला. आत्या डोळे मिटत नाही. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त, होतं तेवढंही, उतरतं.

"मला दिचपल्लीला नेऊ नका," ती म्हणते.

निजामाबादजवळचं दिचपल्ली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इसाबेल कर या मिशनच्या डॉक्टरबाईंनी तिथं कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. पुढे तिथं मोठा दवाखाना झाला आणि निजामाच्या राज्यातून कुठून कुठून लोक तिथं जाऊ लागले. त्यानं असंख्य माणसांना आसरा दिला. पण देगलूरच्या वाड्यांत मुलांच्या कानांवर दिचपल्ली पडायचं ते वेगळ्या सुरात. आत्याच्या लहानपणी गल्लीतली एक बाई रात्रीच्या बैलगाडीनं गेली, तिच्या नावानं पुन्हा कुणी दार वाजवलं नाही. त्या बाईच्या हातालाही कुणीतरी असंच कापूस लावून बघितलं होतं. हे आत्या मला तुटक तुटक सांगते, मी सिस्टरांना सांगते.

सिस्टर वात खाली ठेवतात. खाटेच्या कडेला बसतात. आणि सांगतात, हळू, दखनीत, मध्ये मध्ये माझ्याकडे बघत, म्हणजे मी मराठीत सांगावं. की आता कुणाला कुठं नेत नाहीत. गोळ्या आहेत, फुकट आहेत, सहा महिने नाहीतर वर्षभर घरी बसून खायच्या असतात, बरं होतं. आणि हे तसं असेलच असंही नाही, म्हणून तर बघायचं. "आप बोलो तो देखती मैं. नक्को बोलो तो नक्को."

बराच वेळ कुणी बोलत नाही. मग आत्या डोळे मिटते.

वात चट्ट्याच्या मधोमध टेकते. आत्याचं बोट लगेच तिथं येतं. कडेला टेकते, बोट तिथं. चट्ट्याबाहेर, पुन्हा आत, मग काहीच न टेकवता सिस्टर थांबतात, आणि आत्या म्हणते, "आता लावलं न्हाई." प्रत्येक वेळी बरोबर. सिस्टर कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांनी चाचपतात, ती जाड नाही. संवेदना शाबूत, त्या लिहितात, आणि डॉक्टरांना दाखवायचं म्हणून बाजूला खूण करतात. आत्या डोळे उघडते तेव्हा तिच्या पापण्या ओल्या आहेत.

आता पाठ.

त्याआधी सिस्टर गळ्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती उभी राहते आणि सावकाश बसते. अंगात पाणी कमी आहे. हाताच्या पाठीवर म्हातारपणी कातडी तशीही सैलच असते, म्हणून तिथं बघायचं नसतं. मी तिला पाणी कमीच देत होते. खरं सांगायचं तर जाणूनबुजून. लघवीला उठवता येत नव्हतं, प्रत्येक वेळी भांडं सरकवताना ती किंचाळायची, म्हणून दोन घोट, दोन घोट. तीही मागायची नाही. आम्ही दोघींनी मिळून तिला सुकवलं.

दोन आया येतात. मांड्यांच्या मध्ये उशी, मोडलेला पाय एकीनं सरळ धरायचा, खालची चादर दोघींनी धरायची, आणि तिघींनी एका सुरात वळवायचं, ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकदम. "ओकटी, रेंडु, मूडु." आत्या ओरडते. नेमक्या त्याच वेळी बाहेर ढोल कडाडतात. बोनालूच्या दुसऱ्या दिवशीची घटांची मिरवणूक निघण्याच्या तयारीत असणार. आत्या उशीत तोंड खुपसून विचारते, "कशाचं वाजायलंय गं?" देवीचं, मी सांगते. "मग ओरडले तर कुणाला कळायचं न्हाई," ती म्हणते आणि दुसऱ्यांदा मोकळी ओरडते.

तिची पाठ आम्हा चौघींसमोर आहे. कमरेभोवती आयुष्यभराच्या गाठीचा काळा, जाड झालेला पट्टा. उजव्या खुब्यावर फडकं. सिस्टर ग्लोव्ह्ज चढवतात, फडकं सलाइननं भिजवून सोडवतात. खाली काळे डाग आहेत, रुपयाएवढे, पाच-सहा, आणि दोन फोड फुटून ओले झालेले.

"नल्लजीडी," एक आया म्हणते.

बिब्बा. खुब्याच्या दुखण्यावर गावात कुणीतरी बिब्ब्याचे चटके दिले होते. ज्याच्या तेलानं धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करायचे, तोच बिब्बा. त्याचं तेल कातडी जाळतं. ते फडकं मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं. औषध लावलंय, काढू नको, असं आत्या म्हणाली आणि मी काढलं नाही. पहाटे भरती करताना डॉक्टरांनाही सांगितलं नाही, कारण दवाखान्यात बिब्ब्याचं नाव घ्यायची लाज वाटली. आणि शस्त्रक्रियेचा छेद इथंच, या बाजूनं जायचाय. ओल्या, चिघळलेल्या कातडीतून हाडापर्यंत चाकू नेला तर तीच घाण हाडापर्यंत जाणार.

सिस्टर एक ग्लोव्ह काढतात. उघड्या हाताची मागची बाजू आत्याच्या माकडहाडावर ठेवतात, मग कमरेच्या वरच्या भागावर, मग पुन्हा खाली. "आप रखो," त्या मला म्हणतात.

मी ठेवते. मला तिथं लाल काहीच दिसत नाही. रंग थोडा गडद आहे, एवढंच, आणि तो मी रोज पाहत होते. पण हाताखाली ती जागा गरम आहे. तळहाताएवढी, तव्यावरून काढून ठेवलेल्या भाकरीसारखी गरम, आणि भोवतालच्या मांसापेक्षा घट्ट. सिस्टर बोटानं दाबून सोडतात. दाबाच्या जागी रंग हलत नाही. "किताबां में फोटो गोरे लोगां के," त्या म्हणतात. "लाल होता, दबाये तो सफेद होता. अपने रंग पे लाल नक्को ढूंडो. हाथ से देखो."

बेडसोर म्हणजे उघडी जखम, एवढंच मला ठाऊक होतं. जखम नाही म्हणजे बेडसोर नाही, या हिशेबानं मी सहा दिवस निश्चिंत होते. उलट त्या जागेवर रोज खोबऱ्याचं तेल घेऊन जोरानं चोळत होते, रक्त फिरावं म्हणून. मेडिकलमधून रबराची हवा भरायची चकतीही आणली होती. सिस्टर दोन्ही गोष्टी ऐकून घेतात. दाबानं आधीच गुदमरलेलं मांस चोळलं की आतून आणखी फाटतं. चकतीमुळे मधला भाग अधांतरी राहतो आणि कडेच्या गोलावर सगळा भार येऊन मधलं रक्तच अडतं. पूर्वी नर्सिंगच्या शाळेत स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायला शिकवायचे, आम्हीही केलंय, त्या म्हणतात. आता नाही करत. त्यांच्या सुरात दोष नाही. तो मी माझा मलाच लावून घेते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं 1859 साली शुश्रूषेवर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात रोग्याच्या निरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिलं; आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच तिनं पाठीवरचा व्रण बहुतेक वेळा रोगाच्या नव्हे, शुश्रूषेच्या माथी मारला. मी हे कधीतरी वाचलेलं होतं. वाचलेलं सहा दिवस कामाला आलं नाही.

शेवटी टाच. मोडलेल्या पायाची, जी आत्या तीन आठवडे उचलू शकलेली नाही. टाचेच्या मागच्या बाजूला जांभळट सावली आहे, आणि तिथं बोट लावल्यावर कातडी पिकल्या पेरूसारखी आत जाते. ही जागा गरम नाही, गार आहे. सिस्टर बराच वेळ बोट तसंच ठेवतात. वॉर्डबॉय तिसऱ्यांदा बूट घेऊन आलाय. त्याच्याकडे न बघता त्या म्हणतात, "बूट नक्को. डॉक्टर को बुलाव."

तो बूट या टाचेवर चढून बसणार होता, पट्ट्यांनी आवळून, वर वजन लावून.

डॉक्टर येईपर्यंत सिस्टर खाटेशेजारी उभ्या राहून आकडे मांडतात. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन परिचारिकांनी 1987 मध्ये बेडसोरच्या धोक्याची ही मोजपट्टी छापली. दुखलंखुपलं कळतं का, अंग ओलं राहतं का, उठता-फिरता येतं का, खाटेवर कूस बदलता येते का, खाणं किती, अंग चादरीवर किती घासतं. बेरीज 6 ते 23. जितकी कमी तितका धोका जास्त. जाणीव 3, ओलावा 3, फिरणं 1, कूस 2, आहार 2, घासणं 1. बारा. अठरा किंवा त्याखाली आलं की सावध व्हायचं असतं.

तरुण डॉक्टर येतात, टाच बघतात, खुबा बघतात. बूट नाही, पाय उशांवर, पोटरीखाली आधार, टाच हवेत. शस्त्रक्रिया चार दिवस पुढे, तोवर ड्रेसिंग आणि रक्ताच्या तपासण्या. हिमोग्लोबिनचं नाव निघतं तेव्हा सिस्टर आत्याचा अंगठा त्यांच्यासमोर धरतात. डॉक्टर वाकून बघतात, नखावरून बोट फिरवतात, आणि केसपेपरवर एक ओळ वाढते. पाडव्याचा ताप अखेर कागदावर येतो.

खाटेच्या दांडीला घड्याळाचा तक्ता लागतो. दर दोन तासांनी कूस: बारा वाजता डावी, दोनला पाठ, चारला थोडी उजवी, तीही उशी मागे देऊन तिरकी. सिस्टर मला दोनदा करून दाखवतात आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करवून घेतात. ओढायचं नाही, उचलून वळवायचं. वळवलं की सुटलेल्या जागेवर हात ठेवून बघायचं, आणि पाणी द्यायचं. दरवेळी, भांड्याची काळजी न करता.

दुपारी बाराला आया आणि मी आत्याला वळवतो. ती पहिल्यासारखी ओरडत नाही. पाठ माझ्याकडे आहे, मी हात ठेवते. अजून गरमच. एवढ्यात कमी होणार नाही, हे मला सांगितलंय, तरी मी ताडून बघते. ढोल लांब गेलेत. खिडकीत पुन्हा पाऊस लागलाय, उजेड मंद झालाय, पण आहे.

"माझ्या पाठीवर काय काय लिहिलंय गं त्या बाईनं?" आत्या भिंतीकडे तोंड करून विचारते.

मी केसपेपरची प्रत वाचून दाखवते. माकडहाड, सहा बाय सात सेंटिमीटर. खुबा. टाच. डाव्या खवाट्याखाली तीळ, अर्धा सेंटिमीटर, गोल, जुना.

"तीळ?"

"हो."

"मला न्हाई तीळ."

"आहे, आत्या. चांगला मोठा आहे."

ती गप्प राहते. शहात्तर वर्षांत तिनं आपली पाठ पाहिलेली नाही; पाहणार कशी, आणि मामांनी सांगितलं नसावं. "मायच्या पाठीला होता," ती थोड्या वेळानं म्हणते. "मी अंग चोळायची तिचं, तवा दिसायचा. कोण्या बाजूला हाय माझा?"

मी तिळावर बोट ठेवते.

"इथं."

"दाब जरा," ती म्हणते. मी दाबते. ती हात मागे आणायला बघते, पोचत नाही. मी तिचा हात धरून आणते, आणि मेंदी लावलेलं एक बोट सरकत सरकत त्या जागी येतं.